सोलांजच्या मापाचे मोजे

शनिवार, ८ जानेवारी १९२७

आज त्रुवाहून मुस्यू गार्नो आले आणि गोड बोलून आमच्या पोटावर पाय देऊन गेले. हे गृहस्थ आमचे मोजे घेऊन शहरातल्या दुकानांना विकतात, त्यामुळे कॉफी द्यावीच लागते. कॉफी संपल्यावर त्यांनी खिशातून एक पांढरा मोजा काढून टेबलावर ठेवला. एवढासा, घोट्याशी संपणारा. वर निळी पट्टी, तीही बाहेर दुमडलेली.

"आणि बाकीचा कुठाय?" ओनेझीमनं विचारलं. ओनेझीम म्हणजे माझा नवरा.

"हाच अख्खा आहे. पॅरिसची सगळी पोरं हेच घालतात. गुडघे उघडे! डॉक्टर म्हणतात, ऊन लागलं की पाय मजबूत होतात. तुमचे लांब काळे आता फक्त अनाथाश्रमवाले घेतात, तेही नाक मुरडत."

"माझ्या आज्यानं पांढरे विणले, बापानं लाल पट्ट्यांचे, मी काळे. रंग बदलले, मुस्यू. पण लेकराचा गुडघा कुणी उघडा टाकला नव्हता."

"मग आता टाका. ईस्टरनंतरच्या मंगळवारी येतो. सगळी मापं पाहिजेत, लहानापासून मोठ्यापर्यंत. एक जरी माप कमी असलं तर दुकानदार संच घेत नाहीत. जमत नसेल तर विणायचं यंत्र विका आणि दोघं कारखान्यात या कामाला."

मला तो मोजा आवडला. लहानपणी लांब मोज्यांनी माझ्या पायांची सालटी काढली आहेत आणि वरच्या पट्ट्यांचे वळ अजून आठवतात. हे ओनेझीमला सांगितलं नाही. म्हणून ही वही आणली. नव्या धंद्यात कुणाशी तरी बोलावं लागतं, आणि ओनेझीमशी बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

रविवार, ९ जानेवारी

अडचण लाकडी पायांची आहे. मोजा रंगवून झाला की ओलाच लाकडी पायावर चढवायचा आणि शेगडीजवळ वाळवायचा, तेव्हा कुठे त्याला आकार येतो. ओनेझीमच्या बापानं गावातली पोरं फळीवर उभी करून, पायाभोवती कोळसा फिरवून हे पाय कोरले. त्यामुळे आमच्या घरात मापांना आकडे नाहीत, नावं आहेत. सगळ्यात लहान माप 'आन्येस'. ती आज तीन मुलांची आई आहे आणि आमच्या दारातून अंग तिरकं करून आत येते. 'लुई' म्हणजे शेजारच्या फिलोमेनबाईंचा मुलगा. तो वर्दंला लढाईत गेला, सापडलाही नाही. त्याचा लहानपणचा पाय आमच्या भिंतीवर खिळ्याला आहे.

'सोलांज' आमची मुलगी. तिचे पाय ओनेझीमनं स्वतः कोरले, ती पाच वर्षांची असताना. त्याच हिवाळ्यात घटसर्पानं गेली. तीन वर्षं झाली. याबद्दल मी लिहिणार नाही, ही वही धंद्याची आहे.

दिवसभर आम्ही ओरडत असतो, "दोन डझन लुई दे," "आन्येस वाळली का बघ." ओनेझीम तेवढं एक नाव घेत नाही. तो म्हणतो, "ते मधलं."

आता हे सगळे पाय मांडीपर्यंत लांब आहेत. आखूड मोज्याची वरची घडी दोन तापलेल्या पाट्यांमध्ये दाबावी लागते आणि लांब पाय त्यांत शिरतच नाही. नवे पाय करायचे तर सुकलेलं बीच झाडाचं लाकूड हवं, ते ईस्टरपर्यंत मिळणार नाही. मी म्हटलं, "सगळे घोट्यावर चार बोटं ठेवून कापून टाकू." ओनेझीम भिंतीकडे बघत राहिला. चार वर्षं त्यानं लढाईत जखमी वाहिले आहेत. जरा बेतानं बोलायला हवं होतं, हे मला रात्रीच्या सूपाच्या वेळी सुचलं.

बुधवार, २ फेब्रुवारी

मेणबत्त्यांचा सण. देवळातून मिस्साच्या प्रार्थनेहून आले, धिरड्यांचं पीठ भिजवलं आणि शेगडीत लाकूड घालायला कामाच्या खोलीत गेले. सोलांजच्या पायांवर लांब काळ्या मोज्यांचा जोड. ओला.

नाताळातही असाच एक दिसला होता. तेव्हा वाटलं, उरलेला माल असेल. आज हात लावून बघितलं. हा यंत्रावरचा नाहीच, हाताचा आहे. टाचेचे टाके माझी सासू वळवायची तसे वळवलेले. सासूला जाऊन नऊ वर्षं झाली. आणि नाताळातल्यापेक्षा हा मोठा आहे. लाकडाच्या पुढे अंगठ्याएवढी लोकर रिकामी लोंबत होती.

ओनेझीम सशांच्या खोपटातून आला. सोलांज गेल्यापासून तो देवळाची पायरी चढत नाही. "देवाचं नि माझं बोलणं बंद आहे," म्हणतो.

"कुणी आलं होतं का रे?"

"कोण येणार? गाव तर सगळं देवळात."

"मग हे तू विणलंस वाटतं?" मी थट्टेनं विचारलं.

"सुया बायकांनी धराव्यात," तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. हात काळे होते. या घरात रंगाच्या पिंपामुळे सगळ्यांचेच असतात.

धिरडी चिकटली. एकही धड उलटलं नाही.

शनिवार, ५ फेब्रुवारी

जोड वाळला आणि गेला. मी नेला नाही. ओनेझीम म्हणतो, त्यानंही नाही.

मग कुणीतरी घातला असेल.

सोमवार, २१ फेब्रुवारी

आखूड मोजे छान निघू लागले. पहिले दोन डझन घोट्यात ढिले होते, गोगलगाईच्या शिंगांसारखे बुटात आत ओढले जायचे. मी वरच्या पट्टीत रबराचा दोरा घातला आणि जमलं. मला स्वतःचा फार अभिमान वाटला, इथे तो लिहून ठेवते, कारण दुसरं कुणी लिहिणार नाही.

ओनेझीम संध्याकाळी दिवा घेऊन खोपटात जातो तो जेवायलाच येतो. सशांशी काय एवढं बोलतो देव जाणे. आज पाणी द्यायला गेले तर तंबाखूचा पाईप साफ करत बसला होता, लढाईवरून आणलेल्या दोन लाकडी सुयांनी. एका पाईपला दोन सुया कशाला लागतात, विचारलं तर "एक बारीक आहे," म्हणाला.

बुधवार, २ मार्च

राखेचा बुधवार. कपाळावर राख लावून घरी आले आणि टोपी न काढता थेट कामाच्या खोलीत गेले. मला ठाऊक होतं.

होता. पुन्हा मोठा. मी बोटांनी मोजला. टाचेपासून पुढे बोटभर वाढ, पोटरीत थोडी जास्त. ती माझ्या माहेरच्यांसारखी उंच होणार, आमच्याकडे सगळ्या बायका उंच.

लिहून टाकते, वाचणारं कोण आहे? मला भीती वाटत नाही. मला आनंद होतो. माझी सासू तिकडे विणत असणार, तिला स्वस्थ बसवत नव्हतंच कधी. आणि वर शेगडी नसेल, म्हणून वाळवायला इथे आणत असेल. फादरना विचारलं तर ते कान उपटतील, म्हणून विचारणार नाही. पोर वाढते आहे. मला वाटत होतं ती पाच वर्षांचीच राहिली, तिथेच, त्या खोलीत, घशात तो आवाज घेऊन. नाही राहिली. आठ वर्षांची झाली.

ओनेझीमला यातलं काही सांगणार नाही. तो हसेल, किंवा हसणार नाही. दोन्ही मला नको.

सोमवार, ७ मार्च

आज करवत चालली आणि आमचं घर त्यात सापडलं.

सकाळी फिलोमेनबाई आल्या. मोज्यांची बोटं त्याच शिवून बंद करतात. लुईचा पाय कापायच्या आधी त्यांना विचारावं, असं मला वाटलं.

"काप की," त्या म्हणाल्या. "खालचा तुझा, वरचा मला दे."

"वरच्याचं काय करणार तुम्ही?"

"तिथं गुडघा आहे गं त्याचा. पडून पडून फुटायचा सारखा. लांब मोज्याला भोक पाडून यायचा आणि मी थोबाडीत द्यायचे." लाकडाचा तो तुकडा पदरात घ्यावा तसा एप्रनमध्ये घेऊन त्या घरी गेल्या. दुपारी रडून लाल झालेल्या डोळ्यांनी कामाला परत आल्या.

ओनेझीमनं एकेक करत सगळे कापत आणले, शेवटचा करवतीखाली होता. मधले दोन राहिले.

"तेही घे," मी म्हटलं.

"ते नाही."

"अरे, माप कमी पडलं तर गार्नो संच घेणार नाही. यंत्र जाईल!"

"जाऊ दे."

"त्या लाकडाला काय कवटाळून बसतोस? तिला तो पाय होत तरी आहे का आता? पाच वर्षांची राहिलीय का ती?"

बोलून गेले. ओनेझीमनं माझ्याकडे बघितलं, आणि हातातल्या त्या अर्धवट कापलेल्या पायावरून करवत घसरून त्याच्या डाव्या अंगठ्यात गेली. रक्त पांढऱ्या मोज्यांवर उडालं.

शनिवार, १२ मार्च

हात सुजला, ताप चढला. बेकरीवाल्याच्या गाडीतून त्रुवाच्या इस्पितळात नेलं. अंगठा वाचेल की नाही, सांगत नाहीत. निघताना म्हणाला, "मधल्याला हात लावू नकोस." तापातही तेच.

शुक्रवार, २५ मार्च

मरियेला देवदूतानं निरोप दिला तो सण. मिस्सात माझं लक्ष नव्हतं. धावत घरी आले.

पाय रिकामे. शेगडी पेटवली, लाकूड घातलं, म्हटलं उशीर झाला असेल. दुपारी पुन्हा बघितलं. नाही.

सोमवार, २८ मार्च

राग आलाय तिला. दुसरं काय? इतक्या मुलांचे पाय आम्ही कापले. किंवा बापाचं रक्त सांडलं म्हणून घाबरली असेल. ती रक्ताला घाबरायची. तिकडे अजून थंडी असेल आणि राखेच्या बुधवारचा जोड आता आखूड झाला असेल. मी बाजारात उघड्या गुडघ्यांची भलामण करत फिरते आणि माझी पोर अनवाणी.

आज करवत हातात घेतली होती. काम तर झालंच पाहिजे. सगळी मापं तयार आहेत, हे एक सोडून. लाकडावर ठेवली आणि परत खिळ्याला टांगली.

रविवार, ३ एप्रिल

फिलोमेनबाईंना म्हटलं, मला हातानं विणायला शिकवा, लांब मोजा, टाचेसकट. मी यंत्राच्या घरची लेक, यंत्राच्या घरची सून. सुया कधी धरल्या नाहीत.

"आता? बाजार पांढऱ्या चिंध्यांचा आणि तू लांब काळे शिकणार?"

"शिकवा हो."

"शिकवते. या घरात सगळ्यांनाच एकदम सुयांचं वेड लागलंय." त्या सुयांवर टाके घालू लागल्या. मी म्हटलं, सगळे म्हणजे कोण? "माझी जीभ," त्या म्हणाल्या, "म्हातारी झालीय, घसरते."

माप बेकरीवाल्याच्या ल्युदिविनचं घेतलं. ती आणि सोलांज एकाच महिन्याच्या. पोरीनं पाय पुढे केला आणि विचारलं, "माझ्यासाठी का?" मी नाही म्हटलं. तिला एक पांढरा जोड दिला. लगेच घातला आणि गुडघे दाखवत रस्त्यावर पळाली.

रविवार, १० एप्रिल

झावळ्यांचा रविवार. पाय रिकामेच. माझा दुसरा मोजा टाचेपर्यंत आला आहे. टाच मला जमत नाही, तीनदा उसवली. फिलोमेनबाई म्हणतात, माझी टाच ढिली पडते, ओढून धर.

इस्पितळातून निरोप आला. अंगठा वाचला, पण वाकणार नाही. शनिवारी घरी पाठवतात.

शनिवार, १६ एप्रिल

दुपारी ओनेझीम आला. हडकला आहे. डावा हात भलामोठा पांढरा, मुलांच्या बाहुलीसारखा गुंडाळलेला. सूप समोर ठेवलं तर म्हणाला, आधी बघून येतो.

मी सकाळीच जोड रंगवून सोलांजच्या पायांवर चढवला होता. मनाशी म्हटलं होतं, तिला कळेल की इथे कुणी रागावलं नाही, आणि ती घेऊन जाईल. ओनेझीमचा विचारच माझ्या मनात नव्हता.

तो दारातच थांबला. मग विचारलं, "हे कुणी ठेवलं?"

"मला काय विचारतोस? सणाला येतात तसे आले."

"पण मी तर इस्पितळात—" तो म्हणाला आणि थांबला.

तेवढ्यात मला सगळं कळलं. खोपट, दोन सुया, रिकामं घर आणि देवळात बसलेली मी. त्याच्या आईची टाच त्याला येणार नाही तर कुणाला येणार? मी इतकी हुशार, गोगलगाईच्या शिंगांना दोरा लावणारी, मला हे दिसलं नाही, कारण मला ते बघायचं नव्हतं. त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. तीन महिने माझी मुलगी वाढत होती आणि त्या एका अर्ध्या वाक्यात ती पुन्हा मेली. या खेपेला मी रडूसुद्धा शकत नव्हते, कारण तो समोर उभा होता.

आणि त्याचं तोंड! तीन वर्षांत मी ते तोंड पाहिलं नव्हतं. पोर पहिल्यांदा चालली तेव्हा असं झालं होतं.

"हॉर्तांस, खरं सांग. तू नाहीस ना?"

"मी? मला कुठे सुया धरता येतात?"

"शपथ?"

"उद्या ईस्टर आहे, शपथा घालू नकोस. नाही म्हटलं ना, नाही."

तो खाली बसला आणि रडला, तोंड न झाकता. मग चांगल्या हातानं एक मोजा काढला, उजेडात धरला, आत हात घालून टाचेवरून बोट फिरवलं. एकदा, दोनदा. माझ्याकडे बघितलं. मी शेगडीत लाकूड घालत होते.

"केवढी झाली," तो म्हणाला.

"हो," मी म्हटलं.

थोड्या वेळानं म्हणाला, "हा पाय तिला लहान होतो आता. करवत आण."

त्यानं उजव्या हातानं लाकूड धरलं, मी कापलं. बीचचं लाकूड फार कडक असतं. वरचे तुकडे काय करायचे विचारलं, तर म्हणाला, "शेगडीत घाल, ओल्या मोज्यांना ऊब होईल." मी घातले. चांगले जळले.

मंगळवार, १९ एप्रिल

मुस्यू गार्नोंनी पूर्ण संच घेतला. घड्या उलटून बघितल्या, रबराच्या दोऱ्याचं कौतुक केलं आणि ते दुसऱ्या कुणाला शिकवू नका म्हणाले. "मधलं माप सगळ्यात सुबक उतरलंय. नंबर काय याचा?"

"सोलांज," ओनेझीम म्हणाला. मोठ्यानं, सरळ.

यंत्र राहिलं. मला आनंद व्हायला हवा होता.

शनिवार, २१ मे

गुरुवारी प्रभूच्या स्वर्गारोहणाचा सण. ओनेझीमनं काळा कोट काढून खुंटीला लावला आहे. माझ्याबरोबर मिस्साला येणार म्हणतो. "आपण दोघंही गेलो की घर तिला मोकळं," असं म्हणाला, आणि परसात जाऊन शीळ घालत सशांची खोपटं झाडू लागला. सुया त्यानं फिलोमेनबाईंना देऊन टाकल्या, आता लागत नाहीत म्हणे.

मी त्याच सुयांवर, फिलोमेनबाईंच्या स्वयंपाकघरात बसून विणते. या खेपेला आखूड, पांढरे. आठ वर्षांच्या मुलीला उन्हाळ्यात काळे कोण घालतं? त्या काही विचारत नाहीत, फक्त टाच ओढून धर म्हणतात. मिस्साला निघताना मी काहीतरी विसरल्याचं निमित्त करून मागे वळणार आणि चढवून येणार. पुढचा सण पेन्टेकॉस्ट, मग ऑगस्टात मरियेचा. ल्युदिविनचा पाय आज पुन्हा मोजला. पोर भरभर वाढते आहे. पुढल्या वर्षी नववं, मग दहावं, मग एक दिवस ती मोठ्या बायकांचे रेशमी मोजे घालेल आणि कुणाशी तरी लग्न करेल, आणि मला प्रत्येक सणाला तेवढंच मोठं विणावं लागेल. कुठे थांबायचं, हे मला कोण सांगणार?